माती कोण घडवते : खडक की पाऊस?

महाबळेश्वरपासून पाचगणी, वाई, लोणंद करत फलटणपर्यंतचे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. या सगळ्या पट्ट्यात पायाखालचा खडक एकच आहे : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. पाऊस मात्र झपाट्याने उतरत जातो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि फलटणला जेमतेम पाचशे. घाटमाथ्यावर तांबडा जांभा आणि नदीकाठी भेगाळणारी काळी भारी जमीन, ही दोन टोके एकाच खडकाची लेकरे आहेत. शाळेच्या भूगोलात मात्र काळी माती बेसॉल्टपासून बनते असे एका ओळीत आणि जांभी माती जास्त पावसामुळे बनते असे दुसऱ्या ओळीत सांगितलेले असते. एकीला खडक कारण, दुसरीला पाऊस. दोन्ही ठिकाणी खडक तोच असेल, तर हे दोन न्याय एकत्र कसे नांदतात? मातीचे कारण आपण काय मानतो यावर तिचे नाव ठरते आणि त्या नावावरून पीक, पाणी आणि खत यांचे निर्णय घेतले जातात. म्हणून हा प्रश्न शेतापर्यंत पोचतो. वाद मांडायची आपली जुनी रीत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धांत अशी आहे. तीच धरून इथे भूगर्भशास्त्राचा एक अभ्यासक आणि मृदाशास्त्राचा एक अभ्यासक समोरासमोर ठेवले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : कोणत्याही एका कारणाच्या नावाने माती ओळखू नये. जमिनीच्या उभ्या छेदात जे दिसते आणि मोजता येते त्यावरून ती ओळखावी, आणि कारणे त्या छेदातून वाचावीत.

भूवैज्ञानिक : सुरुवात खडकापासूनच करायला हवी, कारण मातीतले खनिज शेवटी येते कुठून? बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. गारगोटी जवळपास नसते. म्हणून तो कुजला की चिकण, चुनखडीयुक्त, जड माती तयार होते. ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांत गारगोटी मुबलक. ती सहजी कुजत नाही, वाळूच्या रूपाने मागे उरते आणि माती हलकी, रेताड होते. गडचिरोलीकडे बेसॉल्ट संपून नाइस लागतो, तसा जमिनीचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात. भारत सरकारचे कृषिरसायनतज्ज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी १८९८ मध्ये भारतातल्या जमिनींचे चार मोठे गट सांगितले : गंगा-सिंधूचा गाळ, काळी, तांबडी आणि जांभी. त्यातल्या काळीचा नकाशा दख्खनच्या लाव्हाच्या नकाशावर ठेवून बघा, केवढा मोठा भाग तंतोतंत जुळतो. इतका मेळ बसत असताना तुम्ही खडकाला दुय्यम ठरवता ते कशाच्या आधारावर?

मृदाशास्त्रज्ञ : नकाशे जुळतात हे खरे, पण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीचा नकाशाही त्याच जागेवर जुळतो. दोन कारणे एकाच वेळी हजर असतील, तर एक स्थिर ठेवून दुसरे बदलून पाहावे लागते. महाबळेश्वर ते फलटण या पट्ट्याने ते काम आपल्यासाठी करून ठेवले आहे : खडक स्थिर, पाऊस बदलता. घाटमाथ्यावर वर्षानुवर्षे इतके पाणी खडकातून झिरपते की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम तर वाहून जातातच, पण खडकाचा मुख्य घटक असलेली सिलिकाही हळूहळू विरघळून निघून जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाचे साधे चिकण खनिज. हीच प्रक्रिया आणखी पुढे गेली की बॉक्साइट मिळते. कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवर त्याच्या खाणी आहेत. पूर्वेकडे पाणी कमी, निचरा मंद. सिलिका आणि क्षार जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यापासून स्मेक्टाइट हे थरांमध्ये पाणी शोषून फुगणारे खनिज बनते. दोन्हीकडे कच्चा माल तोच, पण किती पाणी आत शिरले आणि किती बाहेर पडले याने शेवट ठरवला. खडकाविना ही माती झाली नसती हे मान्य. मात्र एकाच खडकाची दोन टोके कशी झाली, याचे उत्तर खडकापाशी नाही.

भूवैज्ञानिक : एका पट्ट्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही.

मृदाशास्त्रज्ञ : मग उलटा प्रयोग पाहा, खडक बदलता आणि माती तीच. अमेरिकेत टेक्सासमधली ह्यूस्टन ब्लॅक नावाची प्रसिद्ध काळी जमीन चुनखडीच्या चिकण खडकावर तयार झाली आहे. तिथे बेसॉल्टचा संबंध नाही, पण ती उन्हाळ्यात आपल्या काळीसारखीच भेगाळते आणि तिच्यासारखीच कापूस पिकवते. इतके लांब जायचे नसेल तर कर्नाटकात बळ्ळारीला जा. भोवती ग्रॅनाइटचे डोंगर आणि सखल भागात खोल काळी जमीन. रशियात वसिली डोकुचायेव्ह यांनी हीच गोष्ट शेकडो मैलांवर दाखवली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानंतर त्यांच्याकडे तिथल्या चेर्नोझेम या काळ्या जमिनीच्या अभ्यासाचे काम आले आणि १८८३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खाली लोएसचा गाळ असो, चुनखडी असो वा आणखी काही, गवताळ प्रदेशाच्या विशिष्ट हवामानात वर चेर्नोझेमच तयार होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथून उत्तरेला थंड, ओलसर सूचिपर्णी जंगलात जमिनीचा वरचा थर आम्लाने धुतला जाऊन राखाडी होतो आणि खाली लोह व सेंद्रिय द्रव्य साचते; ती पॉडझॉल. माती हे खडकाचे चूर्ण मानायचे दिवस तिथे संपले आणि हवामान, वनस्पती, भूरूप आणि काळ यांनी घडवलेला स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ म्हणून तिचा अभ्यास सुरू झाला.

इथपर्यंत मृदाशास्त्रज्ञाचे पारडे जड आहे, आणि त्याच्या युक्तिवादाची रीत सर्वांत महत्त्वाची आहे : एक कारण स्थिर ठेवणे, दुसरे बदलणे आणि फरक बघणे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम केलेले हान्स येनी यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात याच रीतीला सूत्राचे रूप दिले. हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ हे पाच घटक. त्यांतले चार शक्य तितके सारखे असतील अशा जागा निवडायच्या आणि पाचव्याचा परिणाम मोजायचा. पुढे येनी आणि एस. पी. रायचौधुरी यांनी भारतातल्या जमिनींच्या नत्राचा आणि सेंद्रिय द्रव्याचा याच दृष्टीने अभ्यास केला. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस वाढतो तसे सेंद्रिय द्रव्य वाढते, तापमान वाढते तसे घटते आणि मशागतीखाली आलेली जमीन पड जमिनीपेक्षा त्यात गरीब असते, हे त्यातून दिसले. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी का, याचे निम्मे उत्तर इथे आहे : उन्हाळ्याच्या उष्णतेत पालापाचोळा साचण्याआधीच त्याचे विघटन होऊन जाते. उरलेले निम्मे उत्तर आपल्या नांगराचे आहे. पण येनींच्या सूत्राने हवामानाला राजपद दिले नव्हते, पाच घटकांतली एक जागा दिली होती. पूर्वपक्षाचा खरा जोर इथून पुढे आहे.

भूवैज्ञानिक : पाऊसच ठरवत असेल, तर बीदरला या. तिथे आज वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या नियमाने तिथे काळी जमीन हवी, आणि भोवतालच्या सखल भागात ती आहेही. पण पठाराच्या माथ्यावर जाड जांभा आहे. बहमनी किल्ल्याचे खंदक त्याच जांभ्यात कोरलेले आहेत. पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्याचीच टोपी, आणि तिथला आजचा पाऊस महाबळेश्वरच्या जवळपासही नाही. हवामानाच्या सिद्धांताला हे अपवाद का पडतात? दुसरे असे की, सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही काही ठिकाणची माती तुमच्या हिशेबाने जितकी निःसत्त्व व्हायला हवी तितकी झालेली नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे असतात. ती कॅल्शियम आणि इतर क्षार सावकाश सोडत राहतात आणि जमिनीला आम्ल होऊ देत नाहीत. पाऊस तोच, पण खडकाच्या पोटातल्या एका खनिजाने निकाल फिरवला. हे तुमच्याच नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे.

मृदाशास्त्रज्ञ : झिओलाइटचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. खडक हा नुसता कच्चा माल नाही, कधी कधी तो निकालही लांबवतो. मात्र बीदर आणि पाचगणी हे हवामानाच्या विरुद्धचे पुरावे नाहीत. ते आजच्या हवामानाच्या विरुद्धचे पुरावे आहेत. माथ्यावरचा तो जांभा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, अधिक ओल्या आणि उष्ण काळात बनला. नंतर भोवतालची जमीन झिजून खाली गेली आणि टणक जांभ्याची टोपी असलेला माथा तेवढा उभा राहिला. आजचे पर्जन्यमान त्याला लावणे म्हणजे आजोबांचे वय नातवाच्या दाखल्यावरून काढणे. काळाचा परिणाम स्वच्छ पाहायचा असेल तर हवाई बेटे पाहा. खडक बेसॉल्ट, पण एका टोकाला काही शतकांपूर्वीचा लाव्हा आणि दुसऱ्या टोकाला चाळीस लाख वर्षांहून जुना. सारखा पाऊस पडणाऱ्या जागा निवडल्या तरी तरुण लाव्हावर जेमतेम मातीचा पापुद्रा असतो, मधल्या वयात जमीन सर्वांत सुपीक असते आणि अतिवृद्ध बेटावर स्फुरद बांधले गेलेली, क्षार निघून गेलेली तांबडी माती सापडते. म्हणून मी हवामान म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘जितका काळ जे हवामान टिकले ते’ असा घ्यावा.

भूवैज्ञानिक : मग हाच न्याय तुमच्या काळ्या जमिनीलाही लावा.

मृदाशास्त्रज्ञ : लावतो, आणि त्यातून निघणारे उत्तर माझ्या बाजूच्या जुन्या पुस्तकांनाही अडचणीचे आहे. आज सोलापूर-नगरच्या पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात इतके स्मेक्टाइट तयार होणे कठीण दिसते. नागपूरच्या संशोधकांचे म्हणणे असे की ते आजच्यापेक्षा ओल्या हवामानात डोंगरउतारांवर तयार झाले, पाण्याने वाहून सखल भागात साचले आणि हवामान कोरडे होत गेल्यावर त्यात चुनखडी बसू लागली. म्हणजे काळी जमीनही एका अर्थाने जुन्या पावसाची ठेव आहे.

या देवाणघेवाणीत दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : खडक, हवामान आणि काळ सारखे असले की माती सारखी असेल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पठारी गावाने हे गृहीत खोटे पाडावे. गावाच्या शिवारात पाऊस सगळीकडे तोच आणि खडकही तोच असतो. तरी माळावर वीतभर खोलीची बरड, मुरमाड जमीन, उतारावर हात-दीड हात खोलीची मध्यम आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोलीची भारी काळी, असे तीन प्रकार एका किलोमीटरच्या आत सापडतात. उतारावरचे पाणी माती सोबत घेऊन खाली जाते, त्यामुळे माळावर माती साचायला वेळच मिळत नाही आणि सखल भागात ती थरावर थर साचते. विरघळलेले कॅल्शियमही खालीच येऊन थांबते. हा भूरूपाचा हात आहे आणि शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात तोच सर्वांत ठळक असतो. मीटरभर खोल भारी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते; वीतभर मुरमाड जमिनीत त्याचा चौथा हिस्साही राहत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी पावसाळा संपल्यावर पेरली जाते आणि बहुतांशी साठलेल्या ओलीवर येते, ती या खोलीच्या बळावर. त्याच पावसाच्या माळरानावर तसे पीक उभे करणे अवघड. तेव्हा जिल्ह्याला एक खडक, एक पर्जन्यमान आणि म्हणून एक माती, असा हिशेब करणाऱ्या नकाशावर शेताचा निर्णय सोपवता येत नाही.

रंगावर विसंबणेही तितकेच धोक्याचे. युक्रेन-रशियाची चेर्नोझेम काळी, आपली रेगूरही काळी. म्हणून दोन्ही एकाच कुळातल्या असे वाटते. चेर्नोझेमचा काळेपणा गवताच्या मुळांपासून शतकानुशतके साचलेल्या ह्यूमसचा आहे. थंडीमुळे तो पूर्ण कुजत नाही. आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत असतो. चिकण खनिजांशी घट्ट बांधलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्यातून तिचा गडद रंग येतो. पहिली जमीन नत्राच्या बाबतीत श्रीमंत, दुसरी नत्राला नेहमी भुकेली. आजच्या वर्गीकरणात पहिली प्रामुख्याने मॉलिसॉलमध्ये आणि दुसरी व्हर्टिसॉलमध्ये जाते, आणि ही फारकत योग्य आहे. रंगावरून एक नाव दिले असते, तर खताचा सल्लाही एकच निघाला असता.

आता नाव द्यायचे कशावरून, हा प्रश्न उरतो. भारी काळ्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यात खणलेला खड्डा जवळून पाहिला तर उत्तर सापडते. वर चार बोटे भुसभुशीत, कणीदार थर असतो. त्यातून खाली उतरणाऱ्या भेगा मनगट जाईल इतक्या रुंद आणि कधी मीटरभराहून खोल असतात. हात-दीड हात खाली गेल्यावर ढेकळांचा आकार पाचरीसारखा होतो आणि त्यांच्या तिरक्या बाजू घासून चकचकीत झालेल्या दिसतात. पावसाळ्यात माती फुगते तेव्हा तिला बाजूला सरकायला जागा नसते. एक ढेकूळ दुसऱ्यावर दाबून घसरते आणि ही झिलई त्या घसरण्याची असते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडत राहते, ओल आल्यावर तळाची वर रेटली जाते आणि अशा उलथापालथीमुळे वरपासून खालपर्यंत थर वेगळे ओळखता येत नाहीत. तळाशी चुनखडीचे खडे, मग मुरूम. पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो. नंतर भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग जवळपास संपतो आणि शेत तुंबते. वाफसा कधी येईल, पेरणी पावसाआधी करावी की नंतर, घराचा पाया किती खोल घ्यावा, सगळे या खड्ड्यात दिसते. अमेरिकी कृषी खात्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’त व्हर्टिसॉल ओळखण्याच्या अटी याच आहेत : पृष्ठभागापासून किमान अर्ध्या मीटरपर्यंत ३० टक्के किंवा अधिक चिकणमाती, ठरावीक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा, आणि ती घासलेली झिलई किंवा पाचरीसारखी ढेकळे. व्याख्येत बेसॉल्टचे नाव नाही. म्हणून टेक्सास, बळ्ळारी आणि परभणी या तिन्ही जमिनी एका वर्गात बसतात आणि एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी कामाला येतो.

भूवैज्ञानिक : खड्ड्यावरून नाव द्या हे मला पटते. मग त्या पद्धतीने हवामान नावात का घुसवले? आपल्या काळ्या जमिनीला ‘उस्टर्ट’ म्हणायचे, कारण ती वर्षातला काही काळ कोरडी असते. तीच जमीन कायम ओली असती तर नाव बदलले असते. दोन खड्ड्यांत डोळ्यांना फरक दिसत नसताना पर्जन्यमापक बघून नाव बदलणे हे मातीचे वर्गीकरण झाले का? जागतिक मृदाशास्त्र संघटनेने पुरस्कारलेल्या पद्धतीत, १९९८ पासून, हवामानाचा निकष मुद्दाम बाजूला ठेवला आहे. हवामान बदलले की नकाशावरची सगळी नावे बदलावी लागू नयेत, हे त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

मृदाशास्त्रज्ञ : तुम्ही म्हणता तो दोष खरा आहे. पण जमिनीतली ओल किती महिने टिकते हा जमिनीचाच गुण आहे. मुळांना लागणारे पाणी खड्ड्यात असते. पर्जन्यमापकात असते ते फक्त पडलेले पाणी. दोन सारख्या खड्ड्यांपैकी एकात वर्षातले नऊ महिने ओल असेल आणि दुसऱ्यात चार, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या जमिनी आहेत.

या मुद्द्यावर मी दोघांनाही अर्धे-अर्धे मानतो. ओलीचा कालावधी जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेला असेल तर तो नावात यायला हरकत नाही. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी तो जवळच्या हवामान केंद्राच्या सरासरीवरून अंदाजला जातो, आणि मग माळ आणि ओढाकाठ या दोन्हींना एकच ओल चिकटते. म्हणून घडलेली लक्षणे मूळ नावात असावीत आणि ओलीसारखी बदलती स्थिती त्याला जोडून, पण वेगळी नोंदवावी. हवामान झपाट्याने बदलत असताना ही शिस्त अधिकच गरजेची आहे. चुनखडी किती खोलीवर साचली आहे हे छेदात शतकानुशतके टिकते. पावसाची सरासरी मात्र एका पिढीत हलू शकते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप : शेतकऱ्याला ही परकी नावे कशाला? भारी, मध्यम, हलकी, बरड, वरकस, चोपण, खारवट ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि जमीन तिच्या वागण्यावरून, खोलीवरून, निचऱ्यावरून ओळखतात. मला या आक्षेपात विरोध दिसत नाही, पाठिंबा दिसतो. गावाची नावे मुळातच खड्ड्याची नावे आहेत. ‘चोपण’ म्हणणारा माणूस पाणी मुरत नाही, वाळली की दगड होते, हे सांगत असतो. शास्त्रीय नावाचे काम या ओळखीला मोजमाप देण्याचे आहे, म्हणजे बारामतीचा अनुभव राहुरीच्या शेताला लावता येतो की नाही हे कळावे. हे काम महाराष्ट्राने लवकर करून दाखवले होते. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींचे छेद अभ्यासून, त्यांच्या घडणीच्या तत्त्वावर केलेले वर्गीकरण १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. बारमाही पाण्याखाली काही काळ्या जमिनी चोपण होत होत्या आणि काही टिकत होत्या. वरून सारख्या दिसणाऱ्या या जमिनींतला भेद खालच्या थरांत होता.

तोच भेद आज पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात समोर येतो. वरची माती काळी, भेगाळणारी, कापसाची, नावाने व्हर्टिसॉलच. पण कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बसत गेले, तसे मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढले, आणि सोडियमने चिकणमातीचे कण विस्कटून खालच्या थरांतली छिद्रे बंद केली. पाणी खाली जात नाही, मुळे खाली जात नाहीत. खाऱ्या भूजलाने सिंचन केले तर आजार वाढतो. इथे खडक सांगतो की ही काळी माती, पर्जन्यमान सांगते की कोरडवाहू कापूस येईल, आणि दोघेही बरोबर असूनही शेत बिघडते. कारण निर्णायक गोष्ट दोन-तीन फुटांवर आहे आणि तिथे कोणी पाहिलेले नसते.

आपली सरकारी व्यवस्थाही तिथे पाहत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा १२ नोंदी असतात. खताची मात्रा ठरवायला त्या उपयोगी आहेत. मात्र नमुना १५ ते २० सेंटीमीटरचा असतो. जमीन किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, चुनखडी किती, खालच्या थरात सोडियम किती, निचरा कसा, यांपैकी एकही गोष्ट पत्रिकेवर येत नाही. परिणामी माळावरचे आणि ओढ्याकाठचे शेत कागदावर सारखे दिसू शकते. प्रत्येक शेतात खड्डा खणणे खर्चाचे आणि अशक्य आहे, असे यावर म्हटले जाईल. त्याची गरजही नाही. उतारावर माती ठरावीक क्रमाने बदलते, म्हणून शिवारात माळ, उतार आणि सखल असे तीन-चार खड्डे नीट नोंदवले आणि मधल्या शेतांत गिरमिटाने खोली तपासली तर गावाचा बराचसा नकाशा तयार होतो. शेततळी आणि विहिरी खणल्या जातातच. त्यांच्या भिंतींवर छेद आयता उघडा असतो. फळबागेसाठी थरानुसार नमुने घेण्याची शिफारस कृषी खाते आजही करते. १९७६ पासून नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो काम करतो आणि राज्याचा १:२,५०,००० प्रमाणाचा मृदा नकाशा आपल्याकडे आहे. त्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, म्हणजे अख्खे गाव बोटाच्या पेराएवढे. तो जिल्ह्याला पुरतो, शेताला पुरत नाही.

म्हणून ‘खडक की पाऊस?’ या प्रश्नाचा सिद्धांत मी असा मांडतो. खडक साहित्य देतो, हवामान दिशा देते, भूरूप जागा ठरवते, जीवसृष्टी कस भरते आणि काळ हे सगळे किती पुढे न्यायचे ते ठरवतो. यांतले कुठलेही एक नाव घेऊन माती ओळखू गेलो तर बीदर, झिओलाइट किंवा पूर्णेचे खोरे ते नाव खोटे पाडते. या पाचही घटकांचा एकत्रित निकाल जमिनीच्या छेदात लिहिलेला असतो आणि तो वाचता येतो. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. बेजबाबदार पाण्याने तीच दहा-वीस वर्षांत चोपण होऊ शकते. अशा संपत्तीचे मोजमाप वरच्या वीतभरापुरते ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. जमीन आरोग्य पत्रिकेत खोली, चुनखडी आणि खालच्या थराचा सोडियम या तीन नोंदी वाढवाव्यात, आणि कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी नव्या जमिनीला देण्याआधी तिथला छेद पाहणे बंधनकारक करावे. नीरा आणि प्रवरेवर ज्याचा धडा घेतला गेला, त्याच्यासाठी पूर्णेने दुसऱ्यांदा किंमत मोजायचे कारण नाही.